आरोग्यमंत्री साहेब, आईच्या नोंदीतला टीबी तेवढा खोडायचा राहिलाय

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि खात्यातले संचालक, जिल्हा शल्यचिकित्सक, क्षयरोग अधिकारी, जे कोणी हे वाचतील ते सगळे.

साहेब, नमस्कार.

मी माढा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, लाईटबिल आणि तुमच्या खात्याची आयुष्मान कार्डं. गावात जेवढी कार्डं निघाली त्यातली निम्म्याच्या वर माझ्याच थंब मशीनवर निघालीत, त्यामुळे तुमच्या योजनांची नावं मला पाहुण्यांच्या नावांपेक्षा जास्त पाठ आहेत. हे पत्र योजनांना शिव्या घालायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या महिन्यात गावात कॅन्सर तपासणी शिबिर झालं. ग्रामपंचायतीसमोर मांडव, माईकवरून पुकारा, आशाताई दोन दिवस घरोघर फिरून बायकांना गोळा करत होत्या. चांगली गोष्ट. मी पण गेलो. फॉर्मवर रकाने तीन होते, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख. मी टेबलावरच्या पोराला विचारलं की फुफ्फुसाचं काही आहे का यात, तर त्याने फॉर्म उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "सिगारेट ओढता का दादा? नाही ना? मग नका टेन्शन घेऊ."

त्याची काही चूक नाही, त्याला जे शिकवलंय ते तो बोलला. पण माझी आई गेल्या ऑक्टोबरात फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली आणि तिने आयुष्यात कधी बिडी हातात धरली नाही, धरली असेल तर दादांची (आम्ही वडलांना दादा म्हणतो) विझलेली थोटकं झाडून टाकायला. मिश्रीसुद्धा लावली नाही. घरी येऊन तो फॉर्म मी तीनदा वाचला आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

आईने चूल मात्र चाळीस वर्षं फुंकली. गॅस आला २०१७ ला, त्यानंतरही भाकरी चुलीवरच, कारण गॅसवरच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही हे तिचं ठाम मत. चुलीतल्या लाकडाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१० सालीच बहुधा कॅन्सर करणारा म्हणून यादीत घातलंय, आणि बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ साली नक्की कॅन्सर करणारी म्हणून. आईला धुराने झाला की दादांच्या बिडीने की आणखी कशाने, हे छातीठोक कोणी सांगू शकणार नाही, मी पण सांगत नाही. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१२ साली ४८९ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात बिडी-सिगारेट कधीच न ओढलेले जवळपास निम्मे होते. आणि आम्हाला तर दवाखान्यात, बसमध्ये, मयतीला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा एकच विचारलं, "काय ओढायच्या का ओ?" चुलतमावशीने तर आवाज खाली करून विचारलं. जसं काही आई लपून बिड्या ओढत होती आणि आता पकडली गेली.

आता झालं काय ते सांगतो. जून २०२३ ला खोकला सुरू झाला. पेरणीचे दिवस, कोणाला वेळ, गावातल्या डॉक्टरांनी बाटली दिली, मग दुसरी बाटली, मग पाच दिवसांच्या गोळ्या. दीड महिन्याने तालुक्याला नेलं, एक्स-रे काढला, उजव्या बाजूला पांढरा डाग. थुंकी तपासली, निगेटिव्ह. पुन्हा मशीनवर, सीबीनॅटवर तपासली, ती पण निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट काही असू दे, फोटोवरून टीबीच वाटतोय, कोर्स सुरू करू. मला ते तेव्हा पटलं आणि खरं सांगायचं तर अर्धं अजून पटतं, कारण आपल्याकडे शंभर लोक असा डाग घेऊन आले तर त्यातल्या बहुतेकांना टीबीच निघणार.

ऑगस्टमध्ये गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल-केशरी व्हायला लागली तशी आई घाबरली, आशाताईने समजावलं की हा औषधाचा रंग आहे. आईने त्याचा अर्थ काढला की औषध लागू पडतंय, मग रोज सकाळी रंग बघून समाधानाने चहा टाकायची. वजन मात्र ५२ वरून ४४ वर. खोकला तसाच. जेव्हा जेव्हा दाखवायला गेलो तेव्हा एकच, कोर्स मध्ये सोडू नका, सहा महिने पूर्ण करा. सहा महिन्यांत दुसरा एक्स-रे कोणी काढला नाही. मी पण काढा म्हटलं नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढणाऱ्या माणसाला एवढी अक्कल असायला हवी होती.

जानेवारीत तिचा आवाज बसला. तोडणीच्या टोळीवर ओरडून बसला असेल म्हणून आम्ही हसलो. फेब्रुवारी २०२४ ला दम लागायला लागला म्हणून जिल्ह्याच्या गावी नेलं, तिथे कळलं छातीत पाणी झालंय. सुई घालून काढलं तर लिटरभर निघालं, लालसर, कोऱ्या चहासारखं. ते पाणी तपासलं, त्यात अडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार. सीटी केला, तर कंबरेच्या हाडातसुद्धा. चौथी स्टेज.

तिथल्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या त्या लाईटच्या डब्यावर दोन फोटो शेजारी लावले, जुलैचा आणि फेब्रुवारीचा. डाग तोच, जागा तीच, फक्त लिंबाचा मोसंबी झालेला. टीबीचा असता तर गोळ्यांनी लहान व्हायला पाहिजे होता ना? एवढं मला पण दिसलं, बारावी नापास माणसाला. मग ऑक्टोबरमध्ये, दोन महिने गोळ्या झाल्यावर, हा एकच फोटो काढून जुन्याशेजारी धरला असता तर? सरकारी एक्स-रेला पैसे किती लागतात साहेब?

माझी सगळ्यात मोठी तक्रार एवढीच आहे, बाकीच्या नंतर. टीबीवर उपचार सुरू केले म्हणून माझी तक्रार नाही, थुंकी दोनदा निगेटिव्ह येऊन, वजन आठ किलो उतरून, खोकला तसाच राहून सुद्धा सहा महिने कोणी मागे वळून बघितलं नाही याबद्दल आहे. तुमच्याच टीबीच्या कार्यक्रमात दोन महिन्यांनी पेशंटची फेरतपासणी आहे. आमच्याकडे त्या फेरतपासणीत गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली.

हे सहा-आठ महिने म्हणजे काय ते आकड्यात सांगतो, कारण मंत्रालयात आकडा लागतो. हा कॅन्सर फुफ्फुसातच असताना सापडला तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे पाच वर्षं जगणारे साठ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि लांबच्या अवयवात गेल्यावर दहा टक्क्यांच्या आत येतात. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे नवे पेशंट अंदाजे ८१ हजार आणि त्याच वर्षात गेलेले ७५ हजार, हा जागतिक अंदाज आहे. दोन आकडे शेजारी ठेवा, जसे ते दोन फोटो ठेवले होते. आपल्याकडे हा आजार सापडतो तेव्हा बहुतेकांचा आईसारखा पुढे गेलेला असतो म्हणून हे असं आहे. जुलैमध्ये आईची स्टेज कोणती होती ते मला माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही, पण तेव्हा छातीत पाणी नव्हतं आणि आवाज खणखणीत होता.

दुसरी तक्रार जीन टेस्टची. फुफ्फुसाचा कॅन्सर म्हणजे एकच आजार असं मला वाटायचं. तसं नाहीये. अडिनो हा प्रकार बिडी न ओढणाऱ्यांमध्ये आणि बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि आपल्या देशात अडिनोच्या चार पेशंटमध्ये एकाला तरी इजीएफआर नावाच्या जीनमध्ये बिघाड सापडतो. तो सापडला तर सलाईनमधून द्यायच्या केमोऐवजी गोळी चालते. पण आधी टेस्ट पाहिजे. आईच्या पाण्यातल्या पेशी टेस्टला पुरल्या नाहीत म्हणून पाठीतून सुई घालून तुकडा काढला. तो तुकडा मेणात बसवतात, ब्लॉक म्हणतात त्याला, काडेपेटीपेक्षा लहान. जिल्ह्याला ती टेस्ट होत नाही, मुंबईला पाठवा म्हणाले, कुरियरने हरवतात असंही म्हणाले, मग काय, मीच निघालो. स्टीलच्या डब्यात कापूस घालून त्यात तो ब्लॉक ठेवला आणि कुर्डुवाडीवरून मुंबईला जाणारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली. डबा रात्रभर मांडीवर. मार्च महिना, मेण वितळेल का अशी भीती, म्हणून दर तासाला झाकण उघडून बघायचो, शेजारच्या माणसाला वाटलं डब्यात खायचं काहीतरी आहे आणि मी देत नाहीये.

रिपोर्ट २४ दिवसांनी आला. टेस्टचे २८ हजार खिशातून, कारण ती सरकारी योजनेच्या आमच्या पॅकेजमध्ये बसत नाही असं काउंटरवर सांगितलं. केमो योजनेत बसली, त्याबद्दल मनापासून आभार, एक रुपया लागला नाही. पण कुठली केमो किंवा कुठली गोळी द्यायची हे जी टेस्ट ठरवते ती पॅकेजच्या बाहेर, हे म्हणजे चष्मा फुकट आणि नंबर काढायचे पैसे असं झालं. त्या २४ दिवसांत एक केमो देऊन टाकली कारण थांबणं शक्य नव्हतं, ती आईला फार जड गेली.

रिपोर्टमध्ये इजीएफआरचा बिघाड निघाला. एप्रिल २०२४ ला जेफिटिनिब सुरू झाली, रोज एक गोळी, आता जेनेरिक मिळते म्हणून आमच्यासारख्याला परवडली. साहेब, तीन आठवड्यांत खोकला थांबला. दहा महिने जो खोकला चालू होता तो थांबला. मला रात्री तो ऐकायची एवढी सवय झालेली की पहिल्या शांत रात्री मीच दोनदा उठून आईचा श्वास बघून आलो. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, काय रं, झोपत का न्हाईस. मे महिन्यात तिने शेजारणींना बोलावून ज्वारीचे पापड घातले. तोंडावर पुरळ उठायचा, अधूनमधून जुलाब व्हायचे, ते तिने मोजलंसुद्धा नाही. अकरा महिने तिने असे काढले, आणि पहिल्या दोन थुंक्या निगेटिव्ह आल्यावर कोणी सीटीची चिठ्ठी लिहिली असती तर ही गोळी आठ महिने आधी सुरू झाली असती. किंवा ऑपरेशनच झालं असतं. असो.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. परळच्या टाटामध्येच ३५० पेशंटवर एक अभ्यास झालेला, निकाल २०१९ साली आले. अशाच इजीएफआरवाल्या पेशंटना नुसती जेफिटिनिब दिली तर आजार साधारण ८ महिने आवरला, आणि गोळीसोबत केमो दिली तर १६ महिने. त्रास जास्त होतो, सगळ्यांना झेपत नाही हे पण त्यात आहे. कदाचित आईला झेपलंच नसतं, पहिल्या केमोने ती केवढी खचली ते मी बघितलंय. पण आम्हाला तसा पर्याय आहे हे कोणी सांगितलंच नाही, आणि आम्हाला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. महाराष्ट्रात झालेला अभ्यास, जगभरचे डॉक्टर तो वाचतात, आणि रात्रभराच्या रेल्वे प्रवासावर असलेल्या आमच्या जिल्ह्यापर्यंत तो पाच वर्षांत पोचला नाही. आमच्या शेजारच्या बार्शीत १९८७ पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंदवही चालते, देशातली अशी पहिली, हे किती जणांना माहीत आहे? म्हणजे मोजायला आमची गावं चाळीस वर्षांपासून आहेत.

मार्च २०२५ ला गोळी दाद देईनाशी झाली. रक्ताच्या टेस्टमध्ये नवीन बिघाड सापडला, त्यावर ऑसिमर्टिनिब नावाची दुसरी गोळी लागते म्हणाले. २०२४ च्या बजेटमध्ये केंद्राने तिच्यावरची कस्टम ड्युटी माफ केली, त्याच सप्टेंबरमध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, हे मी तेव्हा मोबाईलवर वाचून खूश झालेलो. मेडिकलवाल्याने आकडा सांगितला तेव्हा मी विचारलं, वर्षाचा का? तो म्हणाला, महिन्याचा. दोन म्हशी विकून काही दिवस घेतली. मग आईनेच बंद करायला लावली, म्हणाली तिसरी म्हैस गाभण हाय, तिला हात लावायचा नाही. ती आता व्यायलीय, कालवड झाली.

शेवटचे दोन महिने हाडाच्या दुखण्याचे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या, ज्या फार महाग पण नाहीत, त्या तालुक्यात मिळत नव्हत्या, जिल्ह्याला जाऊन आणायच्या, त्या पण दहा दिवसांच्या. कायदा २०१४ ला सोपा केलाय म्हणतात, आमच्या मेडिकलवाल्यांना तो अजून अवघडच आहे, नुसतं नाव काढलं तरी ते हात वर करतात. आणि दुखणं कमी करणारी टीम ही फक्त शेवटी बोलवायची गोष्ट पण नाहीये, २०१० साली अमेरिकेत पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटचा अभ्यास झाला, त्यात ज्यांना पहिल्यापासून अशी टीम जोडून दिली ते साधारण ११.६ महिने जगले आणि नुसते नेहमीचे उपचार घेणारे ८.९ महिने. आम्हाला अशा उपचारांचं नाव, पॅलिएटिव्ह, हा शब्दच आईच्या शेवटच्या महिन्यात कळला.

आता मागण्या. फार नाहीत.

एक. ज्याची थुंकी निगेटिव्ह आहे आणि फक्त फोटोवरून टीबीच्या गोळ्या सुरू केल्यात, त्याचा दोन महिन्यांनी परत एक्स-रे काढायचाच, जुन्याशेजारी लावून बघायचाच, आणि डाग तेवढाच किंवा मोठा असेल तर सीटी आणि पुढे पाठवायची चिठ्ठी तिथल्या तिथे द्यायची. यासाठी नवीन बिल्डिंग लागत नाही, उद्घाटन लागत नाही, एक परिपत्रक लागतं. बाकी एक पण नाही झालं तरी चालेल, पण हे करा.

दोन. फुफ्फुसाच्या अडिनोकार्सिनोमासाठी इजीएफआर आणि एएलके (तसाच दुसरा एक जीन) टेस्ट महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये स्पष्ट लिहा, आणि लिहिलेली असेल तर ती काउंटरवरच्या माणसाला कळू द्या. ब्लॉक मुंबईला न्यायचं काम नातेवाईकांचं नसावं. थुंकीचे नमुने गावातून मशीनपर्यंत न्यायची सोय टीबीसाठी तुम्ही केलीच आहे की, तोच माणूस महिन्यातून एखादा ब्लॉक नेऊ शकतो.

तीन. २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सरची डे-केअर सेंटरं करू म्हटलंय, पहिल्याच वर्षी २०० देशभरात. आपल्या राज्यात ती उघडताना तिथे आठवड्यातून एकदा टाटाच्या किंवा मोठ्या सेंटरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर केस बोलायची सोय ठेवा आणि मॉर्फिन ठेवा. महागड्या गोळ्यांची खरेदी सगळ्या हॉस्पिटलांनी मिळून केली तर किंमत बरीच खाली येते हे नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याने, करून दाखवलंय, राज्याने तसं करायला काय हरकत आहे?

चार. शिबिराचा फॉर्म. सगळ्या गावाचा सीटी काढा असं मी म्हणत नाहीये. कमी डोसच्या सीटीचा जो मोठा अभ्यास अमेरिकेत २०११ ला आला, ५३ हजार लोकांचा, त्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले खरे, पण ते सगळे भरपूर सिगारेट ओढणारे किंवा ओढून सोडलेले होते, आईला तो लागूच पडला नसता. शिवाय आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग एवढ्या लोकांच्या छातीत आहेत की निम्मा गाव उगाच घाबरून बसेल. मला फक्त एक ओळ पाहिजे त्या फॉर्मवर: तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, थुंकीतून रक्त, बसलेला आवाज, उतरलेलं वजन, यातलं काही आहे का, आणि टीबीची औषधं घेऊनही कमी झालेलं नाही का. बिडी ओढता का हे त्याच्या खाली विचारा, वर नको.

शेवटची गोष्ट माझी वैयक्तिक आहे. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, आईच्या खात्यावर एकूण ३००० जमा झाले, पासबुकावर निक्षय असं, म्हणजे त्या पोषण योजनेचं नाव, छापलंय. ते पैसे मी परत करायला तयार आहे, पण ते घ्यायला खिडकी नाही असं मला सांगितलं. आणि आईच्या टीबीच्या नोंदीत शेवटचा निकाल काय पडलाय ते एका कर्मचाऱ्याने मला स्क्रीनवर दाखवलं, 'उपचार पूर्ण'. म्हणजे तुमच्या हिशेबात माझी आई टीबीतून बरी होऊन घरी गेलेल्यांमध्ये मोजली गेलीय. ती नोंद दुरुस्त करायला काय करावं लागतं हे मी तीन ठिकाणी विचारलं, कोणाला माहीत नाही. मृत्यूचा दाखला, दोन्ही एक्स-रे, बायोप्सीचा रिपोर्ट, आधार, सगळं स्कॅन करून एका फाईलमध्ये ठेवलंय, दोन एमबीच्या आत बसवलंय. फक्त फॉर्म कुठे मिळतो तेवढं कळवा. भरतो माझा मीच.

आपला,
एक सेवा केंद्र चालक,
ता. माढा, जि. सोलापूर